आरंभीची शिल्लक

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

आमच्या बेळगाव भागात एक कानडी म्हण मराठी घरांतूनही ऐकू येते : ‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.’ ज्याला जेवायचे कसे हे कळते त्याला रोग नाही. ज्याला बोलायचे कसे हे कळते त्याचे भांडण नाही. म्हणीच्या उत्तरार्धावर आम्हा सीमाभागातल्या लोकांनी पुष्कळ विचार करावा असे आहे. पण तो विषय निराळा. आज पूर्वार्धाबद्दल लिहावयाचे आहे.

पूर्वार्धाचा अर्थ सरळ आहे. रोग झाला तर दोष जेवणाऱ्याचा. डॉक्टर, वर्तमानपत्रांतील आरोग्याची सदरे आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका हेच सांगतात : गोड कमी खा, तळलेले टाळा, पहाटे उठून फिरा. सल्ला खोटा नाही. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण आहेत आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या सगळ्यांना जेवायचे कळत नाही, असे म्हणून मोकळे होता येईल काय? आणि ज्यांना ‘खाऊन खाऊन’ रोग व्हावा इतके आयुष्यात कधी मिळालेच नाही, अशा शेतमजुरांना आणि बारीक अंगाच्या माणसांनाही तो होतो, त्याचे काय?

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकावर अधिकारवाणीने बोलणे माझे काम नव्हे. पण हिशेबाची वही कशी वाचावी एवढे मात्र मी शिकले आहे. आधी वडिलांच्या दुकानातील कीर्द-खतावणीवरून मराठीत, आणि मग कॉलेजात इंग्रजीत. कोणत्याही वहीत वर्षाची पहिली नोंद असते ती आरंभीच्या शिलकेची. दुकानदाराने वर्षभर व्यवहार कसा केला हे ठरवण्याआधी तो किती शिलकेवर बसला हे पाहावे लागते. ती ओळ झाकून ठेवून त्याला उधळ्या म्हणणे हा अन्याय होय. माणसाच्या शरीराच्या हिशेबातही अशी एक आरंभीची शिल्लक असते. ती त्याच्या पहिल्या घासाच्या आधी, त्याच्या आईच्या ताटात ठरू लागते. गेल्या पस्तीस वर्षांतील संशोधनाने हे दाखवून दिले आहे, आणि आपल्या घरांतून मात्र त्याचा अजून कोणी विचार करत नाही, असे माझे म्हणणे आहे.

गमतीची गोष्ट अशी की, या संशोधनाची सुरुवातही जुन्या वह्यांपासूनच झाली. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या एका अधिकारी बाईंनी 1911 पासून एक शिस्त घातली होती. सुईणीने बाळाचे जन्माचे वजन नोंदवायचे. मग परिचारिकेने घरी जाऊन त्याला अंगावर पाजतात की बाटलीने, एका वर्षाचे झाल्यावर वजन किती, दात किती, हे सगळे नोंदवायचे. त्या वह्या पुढे कित्येक वर्षे पडून होत्या. साउदॅम्प्टन विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या लागल्या. त्यांनी 1911 ते 1930 या काळात जन्मलेल्या 5,654 पुरुषांचे पुढे काय झाले याचा शोध घेतला आणि 1989 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जन्माच्या वेळी आणि पहिल्या वर्षाअखेर ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत जास्त होते. हृदयविकार हा सुखवस्तू माणसाच्या खाण्यापिण्याचा रोग, ही तोपर्यंतची सर्वमान्य समजूत. तिला या वह्यांनी धक्का दिला.

ही झाली इंग्लंडची गोष्ट. पण अशा वह्या आपल्या कर्नाटकातही होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे? म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलमध्ये 1934 पासून प्रत्येक बाळाचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर व्यवस्थित लिहून ठेवलेला होता. साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी म्हैसूरच्या डॉक्टरांच्या मदतीने 1934 ते 1954 दरम्यान तेथे जन्मलेल्या आणि अजून आसपास राहणाऱ्या 517 स्त्री-पुरुषांना शोधून काढले व तपासले. जन्माचे वजन अडीच किलो किंवा त्याहून कमी असलेल्यांपैकी 11 टक्क्यांना हृदयविकार होता. तीन किलोंहून अधिक वजनाने जन्मलेल्यांत तेच प्रमाण 3 टक्के होते. हा निष्कर्ष 1996 सालचा. कोणा अनाम परिचारिकेने साठ वर्षांपूर्वी बाळ तागडीत ठेवून वहीत आकडा लिहिला होता, म्हणूनच तो निघू शकला. हिशेब लिहिणाऱ्यांना कारकुनी काम म्हणून हिणवणाऱ्या आमच्या शास्त्र शाखेच्या मित्रांनी याची नोंद घ्यावी!

तिसरी वही पुण्याची. के. ई. एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक काम हाती घेतले. लग्न झालेल्या स्त्रियांची उंची-वजने आधीच घ्यायची, त्यांना दिवस गेले की त्यांचे जेवण, त्यांचे काम, त्यांचे रक्त तपासायचे, आणि जन्मलेल्या मुलांवर पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे. या स्त्रियांचे सरासरी वजन होते सुमारे 42 किलो. त्यांच्या पोटात दिवसाला जात होते 1,800 उष्मांकांच्या आसपास आणि 45 ग्रॅमच्या आसपास प्रथिने; आणि शेतातले व घरातले काम सुटलेले नव्हतेच. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन भरले सुमारे 2 किलो 700 ग्रॅम. साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोंची होती.

येथपर्यंत कोणालाही अंदाज करता येईल. आश्चर्य पुढे आहे. पुण्याच्या बाळांचे हातपाय बारीक, पोट लहान, स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मोजली तर ती त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे टंचाईच्या काळात शरीराने स्नायूंवर काटकसर केली आणि चरबी मात्र राखून ठेवली. दिसायला बारीक आणि आतून स्थूल, असे आपले बाळ जन्मालाच येते. 2004 साली डॉ. याज्ञिक यांनी आपला आणि आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात छापून हीच गोष्ट मोठ्या माणसांत दाखवली. उंचीच्या मानाने वजन दोघांचेही तेच. बॉडी मास इंडेक्स दोघांचा 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! ‘मी तर बारीक आहे, मला काय होणार?’ असे म्हणणाऱ्या आमच्या वर्गबंधूंनी हा फोटो एकदा अवश्य पाहावा.

मग जन्मालाच सगळे ठरले, आता खुशाल वडापाव खावा, असे कोणी म्हणेल. तसे नाही. दिल्लीत 1969 ते 1972 या काळात जन्मलेल्या मुलांची नोंद ठेवली गेली होती. ती मुले तिशीच्या आसपास आल्यावर त्यांतील सुमारे दीड हजार जणांची तपासणी झाली. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, ज्यांच्या रक्तातील साखर बिघडली होती ती मुले पहिल्या दोन वर्षांत बारीक होती, आणि नंतर मात्र त्यांची चरबी लवकर व भराभर वाढत गेली होती. लहानपणी त्यांना कोणी लठ्ठ म्हटले नसते. म्हणजे शिल्लक कमी आणि त्यावर एकदम खर्च मोठा, असा हा व्यवहार आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आईच्या पोटात अर्धपोटी राहिलेले शरीर आज स्कूटरवर बसले, खुर्चीत बसले, बेकरीचे पदार्थ खाऊ लागले, की त्याला ते झेपत नाही. तेव्हा म्हण खोटी नव्हे, ती अपुरी आहे. जेवायचे कसे हे आपल्याला कळलेच पाहिजे; पण आपल्या आईला जेवू घालायचे कसे हे तिच्या घराला कळले होते काय, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

आता आपल्या घरांकडे येऊ. आमच्याकडे जेवण वाढण्याचा एक क्रम आहे, तो बहुतेक घरांतून असेल. आधी आजोबा, वडील आणि काका, मग दादा आणि लहान मुले, मग आजी, आणि सर्वांत शेवटी आई, वहिनी आणि मी. कोणी कोणाला उपाशी ठेवत नाही. आमचे खाऊनपिऊन सुखी घर आहे. पण शेवटच्या पंगतीला भाकरी असते, आमटी असते, भाजी मात्र पातेल्याच्या बुडाशी असते आणि दही संपलेले असते. वहिनीला सध्या पाचवा महिना आहे. तिचे हिमोग्लोबिन 8.4 निघाले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या ती घेते. पण तिचे जेवण कितव्या पंगतीला होते हे तिला कोणी विचारले नाही. आणि विचारले असते तरी ती ‘वेळेवर जेवते’ असेच म्हणाली असती.

हे एकट्या आमच्या घरचे नाही. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत ते प्रमाण 25 टक्के. आणि 15 ते 19 वयाच्या मुलींत? 59 टक्के. म्हणजे आमच्या वर्गातल्या बाकांवर बसलेल्या आम्हीच त्या. खानापूर, कडोली, येळ्ळूरकडून सकाळच्या बसने येणाऱ्या कित्येक मैत्रिणी घरी सगळ्यांचा डबा करून येतात आणि स्वतः चहावर येतात. पहिले खरे जेवण दुपारी दोन-अडीचला. काही जणींना तर लग्न ठरेपर्यंत ‘बारीक राहा’ म्हणून घरूनच सांगणे असते.

पुण्याच्या अभ्यासात आईच्या ताटातील कशाचा बाळाच्या वाढीशी संबंध दिसला, हेही पाहण्यासारखे आहे. नुसते पोट भरण्याशी तो फारसा नव्हता. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या त्यांची बाळे मोठी होती. गरोदरपणी ज्यांना अंगमेहनत फार पडत होती त्यांची बाळे लहान होती. तसेच निम्म्याहून कितीतरी अधिक मातांच्या रक्तात ब-12 हे जीवनसत्त्व कमी होते. ते मिळते दूध-दही, अंडी, मासे, मांस यांतून, भाजी-भाकरीतून नाही. ज्या मातांमध्ये ब-12 कमी पण फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करेनासे झाल्याची चिन्हे सर्वांत जास्त दिसली. यात महाग वस्तू कोणती आहे? मेथी, शेपू, पालक, आमच्या भागातली पुंडीची भाजी, पेरू, वाटीभर दही, एखादे अंडे. शेवटच्या पंगतीला जे संपते, नेमके तेच हे!

यावर आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप : असे म्हणून तुम्ही मुलांच्या रोगाचा दोष आईच्या माथी मारता. मुळीच नाही. जी बाई स्वयंपाक करते पण आपल्या ताटात काय यावे हे ठरवू शकत नाही, तिच्यावर दोष कसा येईल? वहीतली तूट मुनिमाने केली की मालकाने, हे पाहावे लागते. ही तूट संपूर्ण घराची आहे.

दुसरा आक्षेप : हे गरिबीचे प्रश्न आहेत, पंगतीचे नव्हेत. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच सरकारी योजना लागतात. कर्नाटकात 2 ऑक्टोबर 2017 पासून ‘मातृपूर्ण’ योजना राज्यभर आली. गरोदर व बाळंतीण स्त्रियांना अंगणवाडीत दुपारचे गरम जेवण, सोबत दूध आणि अंडे, अशी तिची कल्पना होती. तिच्यामागचा विचार मला फार आवडतो. घरी शिधा दिला तर तो सगळ्यांच्या पातेल्यात जातो. तिलाच ताटावर बसवले तर तो तिच्याच पोटात जातो. पण अंगणवाडीपर्यंत चालत जायला आणि तासभर घराबाहेर राहायला सासरची परवानगी लागते, म्हणजे फिरून प्रश्न घराशीच येतो. शिवाय जेथे दारात नवी मोटारसायकल उभी आहे, तेथे गरिबीचे कारण कसे सांगणार?

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही. आईला चांगले खाऊ घालून खरोखर फरक पडतो काय? हेच पाहण्यासाठी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून 2006 पासून एक मोठा प्रयोग झाला. सुमारे साडेसहा हजार स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींना दिवस जाण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला खाऊ दिला. उरलेल्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. 2014 साली निकाल लागला तो उत्साहावर थोडे पाणी टाकणारा होता : सगळ्यांचा हिशेब एकत्र केला तर बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. परंतु ज्यांनी दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधीपासून हा खाऊ खाल्ला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी 48 ग्रॅमनी अधिक भरले. शिवाय गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण दुसऱ्या गटात 12 टक्क्यांच्या वर होते, ते या गटात सातच्या आसपास राहिले. हे दुसरे फळ लहान नव्हे. म्हैसूरच्याच पुढील अभ्यासात असे दिसले आहे की, गरोदरपणी मधुमेह असलेल्या मातांच्या मुलांत, विशेषतः मुलींत, पाचव्या वर्षापासूनच चरबी अधिक असते. ती मुलगी उद्याची माता. म्हणजे कर्ज आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे पुढे ओढले जाते.

मला या प्रयोगातून कळते ते असे : डोहाळजेवणाच्या दिवशी हिरवी साडी नेसवून पंचपक्वान्ने वाढली, तर ती फार उशिराची भरपाई आहे. सुरुवात दिवस जाण्याच्या आधी व्हायला हवी. म्हणजे ज्या वयात मुलगी शाळेत आणि कॉलेजात असते त्या वयात, माहेरच्या ताटात. माहेर म्हणते, ‘उद्या सासरी जाणार’. सासर म्हणते, ‘माहेराहूनच अशी अशक्त आली’. दोन्ही वह्यांत ती रक्कम नावे पडते, जमा कोठेच होत नाही.

तेव्हा आपण काय करू शकतो? मी मोठ्या गोष्टी सुचवत नाही.

घरी एकच पंगत बसावी. सगळी पातेली मधे ठेवावीत आणि सर्वांनी एकदम जेवावे. ज्याला दुसरी भाकरी हवी त्याने उठून घ्यावी. याला एक पैसा लागत नाही. आमच्या घरी गेल्या दिवाळीपासून रविवारी असे होते. इतर दिवशी अजून होत नाही. आजोबांना सुरुवातीला अवघड वाटले, आता तेच वहिनीला ‘दही घेतलेस काय गं?’ म्हणून विचारतात.

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आपण झाडे लावतो, रस्ते झाडतो. वर्षातून दोनदा सर्व विद्यार्थिनींची, आणि विद्यार्थ्यांचीही, उंची, वजन व हिमोग्लोबिन तपासून ते एका वहीत लिहून ठेवावे. जिचे रक्त कमी असेल तिला खाजगीत सांगावे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. वही सांभाळण्याचे काम वाणिज्य शाखेकडे द्यावे. ती तेरीज जुळवण्याची जबाबदारी आम्ही घेऊ.

कँटीनमध्ये सामोसा आणि वडापाव राहू द्यावेत, कोणाचा आनंद हिरावून घ्यायचा नाही. पण उकडलेली अंडी, दही, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याची चिक्की आणि लिंबूपाणीही ठेवावे. जेवणाबरोबरच्या चहाने अन्नातले लोह अंगी कमी लागते आणि लिंबाने ते अधिक लागते, एवढी पाटी जरी मराठीत आणि कानडीत लावली तरी बरे होईल.

आणि शेवटचे सांगणे माझ्या वर्गबंधूंना आहे. हा विषय ‘बायकांचा’ म्हणून पान उलटू नका. तुमचे आजचे पोट, उद्याचे हृदय आणि परवाची साखर यांची पहिली नोंद एका बाईच्या ताटात झाली आहे. ते ताट त्या वेळी भरलेले होते की रिकामे, हे आता बदलता येणार नाही. पण तुमच्या घरी आज रात्री जे ताट शेवटी वाढले जाईल, त्यात भाजी उरली आहे की नाही, हे तुम्हाला उठून पाहता येईल.